वासराचा चीक वासराला, बाळाचा चीक बाळाला

पावसाळा उतरणीला लागला, की जठारपेठेतील माझ्या दवाखान्याच्या बाकावर आजी आणि नातवंडांची गर्दी वाढते. आई घरी स्वयंपाकात किंवा नोकरीवर असते, वडील कामावर असतात आणि शिंकणाऱ्या बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन येते ती आजी. गेल्या हंगामात अशाच एका आजीने मला एक प्रश्न विचारला. कडेवर चार महिन्यांचा नातू होता. नाक वाहत होते, पण बाळ हसरे होते.

"डाक्टरसाहेब, मोबाईलात आलं हाय, का गाईचं कच्चं दूध पाजलं तं लेकराले सर्दी धरत नाई. गाय आपल्या घरचीच हाय. पाजू काय दोन-दोन चमचे?"

"नाही" एवढे उत्तर देऊन मला मोकळे होता आले असते. परंतु प्रश्न अगदीच निराधार नव्हता. मोबाईलवरील पुष्कळशा आरोग्यवार्ता धादांत खोट्या असतात, तर काही अर्धवट खऱ्या असतात, आणि वैद्यकात अर्धे सत्य हे पूर्ण असत्यापेक्षा अधिक घातक ठरते. म्हणून त्या आजींना जे समजावून सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

बातमीत तथ्य किती?

युरोपातील ऑस्ट्रिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या पाच देशांतील ग्रामीण भागात जन्मलेल्या ९८३ बाळांचा पहिल्या वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाने त्या आठवड्यात कोणते दूध घेतले आणि त्याला सर्दी, खोकला, ताप किंवा कानाचा संसर्ग झाला का, याची नोंद पालकांनी आठवड्याला केली. बाजारातील अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेले दूध घेणाऱ्या बाळांच्या तुलनेत गोठ्यातील कच्चे दूध घेणाऱ्या बाळांत सर्दी, श्वसनाचे संसर्ग आणि ताप यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. दूध उकळले, की हा फायदा ओसरत होता.

मोबाईलवरील संदेश येथे थांबतो. संशोधक मात्र थांबले नाहीत. कच्च्या दुधातील जंतूंचा धोका लक्षात घेता ते बाळाला पाजण्याचा सल्ला आम्ही देत नाही, असे त्यांनीच सांगितले. दुधातील संरक्षक घटक टिकवून जंतू तेवढे मारता येतील अशी सौम्य प्रक्रिया शोधावी, हा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता. गोठ्याच्या सान्निध्यात वाढणाऱ्या बाळाचे घर, हवा, अन्न आणि माणसांचा वावर, सारेच शहरातील बाळाहून वेगळे असते. संशोधक गणिताने हे फरक शक्य तितके वेगळे काढतात, तरी सगळे श्रेय दुधाच्या पदरात टाकता येत नाही.

गाईचे प्रतिपिंड माणसाच्या विषाणूला कसे ओळखतात?

एखादा जंतू शरीरात शिरला, की त्याला नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने शरीर तयार करते. त्यांना आपण प्रतिपिंडे म्हणतो. गाईच्या दुधात 'आयजीजी' या प्रकारची प्रतिपिंडे असतात. बाळांना सतावणारा एक प्रमुख श्वसनविषाणू म्हणजे आरएसव्ही. १९५६ मध्ये तो प्रथम चिंपांझींमध्ये सापडला आणि लवकरच तो माणसाच्या बाळांतही आढळला. मोठ्या माणसाला त्याने साधी सर्दी होते. परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या फुप्फुसातील बारीक नळ्या त्यामुळे सुजतात, चिकट स्रावाने भरतात आणि बाळाला श्वास घेणे कठीण होते.

या विषाणूचा एक चुलतभाऊ गुरांमध्ये असतो आणि तो वासरांना आजारी पाडतो. त्याच्याशी झुंजलेल्या गाईच्या शरीरात जी प्रतिपिंडे बनतात, ती चेहऱ्यातील साम्यामुळे माणसाच्या आरएसव्हीलाही ओळखतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवून दिले. गाईची प्रतिपिंडे आरएसव्हीला चिकटली आणि मानवी पेशींमध्ये शिरण्यापासून त्यांनी त्याला अडवले. पुढे २०२० मध्ये, गाईच्या चिकातून वेगळी काढलेली ही प्रतिपिंडे उंदरांच्या नाकात दिल्यावर त्यांना संसर्गापासून संरक्षण मिळाल्याचे प्रसिद्ध झाले.

संशोधन मोलाचे आहे, यात शंका नाही. उद्या त्यातून बाळांसाठी एखादे सुरक्षित उत्पादन निघेलही. परंतु काचनळीतील पेशी, प्रयोगशाळेतील उंदीर आणि आपल्या घरातील चार महिन्यांचा नातू यांच्यामध्ये अजून बरेच अंतर आहे.

कच्च्या दुधातून आणखी काय येते?

कच्च्या दुधातून प्रतिपिंडे येतात, तसे जंतूही येतात. ब्रुसेला हा जंतू गुरांमध्ये गर्भपात घडवतो आणि कच्च्या दुधावाटे माणसात आल्यास आठवडेच्या आठवडे चढ-उतार करणारा ताप आणि सांधेदुखी देतो. गुरांचा क्षयरोग दुधातून माणसाला होऊ शकतो. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया आणि ई-कोलायचे काही घातक प्रकार हे तर शेणाचा एक कण धारेच्या बादलीत पडला तरी येऊ शकतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला आणि बाधित गाईंच्या कच्च्या दुधातही तो मोठ्या प्रमाणात सापडला. योग्य पाश्चरीकरणाने तो निष्प्रभ होतो. श्वसनाच्या विषाणूपासून बचाव व्हावा म्हणून कच्चे दूध पाजायला जावे आणि त्याच दुधात श्वसनाचा विषाणू असावा, असा हा विरोधाभास आहे.

"गाय आपल्या घरचीच हाय," असे आजी म्हणाल्या. घरची गाय आपल्या माहितीची असते, तिच्या आतले जंतू माहितीचे नसतात. बाधित गाय वरून तुकतुकीत दिसू शकते.

मग दूध उकळून दिले तर? उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण प्रतिपिंडे हीही प्रथिनेच. ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद, अशा पाश्चरीकरणात त्यांचा बराचसा भाग टिकतो. आपल्याकडे मात्र पातेले शेगडीवर चढते, दूध वर येते, आच मंद करून ते पुन्हा आटवले जाते आणि सायंकाळी परत तापवले जाते. त्या दुधात प्रतिपिंडांचे काम करण्याजोगे फारसे काही उरत नाही. म्हणजे कच्च्या दुधात संरक्षण आहे पण ते सुरक्षित नाही, आणि उकळलेले दूध जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित आहे पण त्यात ते संरक्षण नाही.

आणि एक वर्षाच्या आतील बाळाला गाईचे दूध, कच्चे असो वा उकळलेले, मुख्य आहार म्हणून देऊच नये. त्यात लोह अत्यल्प असते आणि असलेलेही नीट शोषले जात नाही. कोवळ्या आतड्यांतून नकळत सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. त्यातील प्रथिने आणि क्षार यांचा भार लहानग्या मूत्रपिंडांना पेलत नाही. भार कमी व्हावा म्हणून पाणी घालावे, तर पोषण पातळ होते आणि पाण्यावाटे जुलाब घरात येतात.

खरवसाची वडी काय सांगते?

गाय व्याल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस येणाऱ्या घट्ट, पिवळसर दुधाला आपण चीक म्हणतो. साध्या दुधाच्या लिटरमागे जेमतेम एखादा ग्रॅम प्रतिपिंडे असतात. पहिल्या चिकात ती लिटरमागे कित्येक दहा ग्रॅम, म्हणजे पन्नासपट वा त्याहूनही अधिक असू शकतात. हाच चीक गूळ-वेलची घालून वाफवला, की खरवस होतो. साधे दूध वाफवून वडी पडत नाही, मग चिकाची का पडते? कारण त्यात ही प्रतिपिंडे आणि इतर प्रथिने इतकी दाटलेली असतात, की उष्णतेने ती अंड्याच्या बलकासारखी गोठतात. खरवस आपण जरूर खावा. तो पौष्टिक आहे आणि चविष्टही. पण त्या वडीतील प्रतिपिंडे गोठून निकामी झालेली असतात. म्हणून 'मुलांना खरवस दिला, आता सर्दी होणार नाही' या समजुतीला आधार नाही.

वऱ्हाडातला कोणताही जाणता शेतकरी मात्र सगळा चीक खरवसासाठी काढत नाही. आधी तो वासराला गाईच्या कासेला लावतो. पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर वासरू जगत नाही, हे त्याला वाडवडिलांकडून ठाऊक आहे. शास्त्रही तेच सांगते. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे वासरापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे ते जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते. पहिल्या दिवसापुरती त्याच्या आतड्यांची दारे उघडी असतात. त्या अवधीत चिकातील प्रतिपिंडे थेट रक्तात जातात, नंतर ती दारे मिटतात.

माणसाच्या बाळाची व्यवस्था वेगळी आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात येतात आणि पहिले काही महिने त्याला पुरतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अपुरी मिळते. जन्मानंतरचे काम आईचे दूध करते. त्यात मुख्यतः 'आयजीए' या प्रकारची प्रतिपिंडे असतात. ती रक्तात न जाता बाळाच्या घशाला आणि आतड्यांना आतून अस्तर लावतात आणि जंतूला दाराशीच अडवतात. त्यातही एक विलक्षण सोय आहे. आई ज्या घरात, ज्या मोहल्ल्यात, ज्या हवेत राहते, तिथल्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात. जठारपेठेतील बाळाला जठारपेठेतील जंतूंचा बंदोबस्त हवा आणि तो त्याच्या आईच्या दुधात असतो. गाईचे दूध गोठ्यातील वासरासाठी बनलेले आहे.

आता खेदाची गोष्ट. जो शेतकरी वासराला पहिला चीक चुकू देत नाही, त्याच्याच घरात सुनेचा पहिला चीक 'जड असतो', 'शिळा असतो' म्हणून पिळून टाकला जातो आणि बाळाच्या ओठाला मध, गूळपाणी किंवा गाईचे दूध लावले जाते. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बाळांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के होते, तर सहा महिन्यांच्या आतील बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळे ६३.७ टक्के होती.

पहिल्या दिवशी आईला एका वेळी चीक चमचा-दोन चमचेच येतो. 'दूधच नाही' असे घरातल्यांना वाटते ते त्यामुळे. पण त्या दिवशी बाळाचे पोटही बोराएवढेच असते. तेवढा चीक त्याला पुरतो.

एक चिठ्ठी

ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नवा दवाखाना थाटला तेव्हा, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन सासू-सून आल्या. 'दूध पुरत नाही, बाळ रडते,' अशी सासूबाईंची तक्रार होती. बाळाचे वजन नीट वाढत होते. ते मी पाहिलेही होते. सून मान खाली घालून बसली होती. बाकावर वीस रुग्ण खोळंबलेले होते. मी चिठ्ठीवर लिहून दिले, 'गाईचे दूध, निम्मे पाणी घालून, उकळून.' सासूबाईंचे समाधान झाले. माझी पाच मिनिटे वाचली.

दीड-दोन महिन्यांनी तेच बाळ रात्री माझ्यापुढे आले तेव्हा त्याचा श्वास मिनिटाला सत्तरच्या वर चालला होता आणि बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आईचे दूध तोवर जवळजवळ आटले होते. बाळाला दवाखान्यात भरती करावे लागले. आठ दिवसांनी ते घरी आले आणि वाचले. वरच्या दुधामुळेच ते आजारी पडले, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. अंगावर पिणारी बाळेही आजारी पडतात. पण त्याच्याजवळ असलेली एक ढाल काढून घेण्याच्या त्या चिठ्ठीवर अक्षर माझे होते. तेव्हापासून 'दूध पुरत नाही' हे वाक्य ऐकले, की मी आधी बाळाचे वजन पाहतो, दिवसातून लघवी किती वेळा होते ते विचारतो आणि मग सुनेकडे वळून तिला बोलते करतो.

आईचे दूध किती संरक्षण देते? २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील लेखमालेने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की स्तनपानामुळे जुलाबाचे सुमारे निम्मे आणि श्वसनसंसर्गांचे सुमारे एक तृतीयांश प्रसंग टळू शकतात. कच्च्या गाईच्या दुधाच्या अभ्यासातील ३० टक्के आठवा. जवळपास तेवढेच संरक्षण घरात, फुकट, योग्य तापमानाला आणि ब्रुसेलाविना उपलब्ध असताना गोठ्यात कशाला जायचे?

ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला खरोखरच दूध येत नाही, त्याच्यासाठीही पर्याय आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. तेथे दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून जंतुमुक्त केले जाते. त्यात प्रतिपिंडांचा बराचसा भाग टिकतो. आज अशा पेढ्या अनेक शहरांत आहेत आणि त्यांचे दूध प्रामुख्याने कमी वजनाच्या, आजारी नवजातांना दिले जाते. हा पर्याय नसेल तेथे पावडरचे दूध द्यावे लागते, पण ते बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि वाटी-चमच्याने.

मेळघाट आणि गडचिरोली आपल्याला काय शिकवतात?

आरएसव्ही हा काही परदेशी आजार नव्हे. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील एक लाखाहून अधिक मुले त्याने दगावली, असा अंदाज आहे. त्यांतील सुमारे ४५ हजार सहा महिन्यांच्याही आतील होती आणि बहुतेक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. आपल्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, 'महान' संस्थेचे डॉ. आशीष सातव आणि सहकाऱ्यांनी गावोगावच्या दोन वर्षांखालील मुलांमध्ये या विषाणूचा अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबून न राहता ते पाड्यापाड्यांपर्यंत गेले, कारण अशी कित्येक बाळे रुग्णालयात पोहोचण्याआधीच जातात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील कार्यकर्ते आणि दाई यांना बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, ही योजना नसलेल्या गावांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. जे काम अक्षरओळख नसलेल्या दाईला जमले, ते घड्याळ वाचता येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना जमेल.

श्वास मोजा

बाळ शांत किंवा झोपेत असताना त्याचा सदरा वर करा. पोट एकदा वर-खाली झाले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.

• दोन महिन्यांच्या आतील बाळ: ६० किंवा अधिक
• दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा अधिक
• एक ते पाच वर्षे: ४० किंवा अधिक

आकडा याप्रमाणे भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास एकदा ६० भरला, तर पुन्हा मोजून खात्री करा. पुढील लक्षणे दिसल्यास तर रात्र असली तरी थांबू नका: बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हल्यासारखा आवाज, दूध ओढणे बंद होणे, ओठ निळसर दिसणे, बाळ मलूल पडणे, श्वास मध्येच थांबणे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल किंवा अंग गार पडले असेल, तर तेही धोक्याचेच. पोटाला चटके देणे, छातीवर गरम तेलाचा मारा करणे, नाकात तेल सोडणे हे पूर्णपणे वर्ज्य समजावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावे असे

बाळाच्या घरात आरएसव्ही बहुधा मोठ्या माणसाची साधी सर्दी होऊन येतो. म्हणून आपल्याला शिंका येत असतील, तर बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, नाक-तोंड झाका आणि चार दिवस त्याचा मुका घेऊ नका. सुनेला सर्दी झाली तरी स्तनपान थांबवू नका. तिने मास्क लावून पाजावे. तिच्या दुधात त्याच सर्दीविरुद्धची प्रतिपिंडे उतरत असतात. बाळाच्या खोलीत विडी, डासांची कॉइल, उदबत्ती वा शेगडीचा धूर नको. लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे करा. न्यूमोकोकल लस आता सरकारी कार्यक्रमात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते.

आणि थोडे आपल्यासाठी. आरएसव्ही आणि इन्फ्लुएन्झा हे साठीपुढील माणसालाही, विशेषतः दमा, हृदयविकार वा मधुमेह असलेल्याला, अंथरुणाला खिळवू शकतात. दोहोंवर लसी निघाल्या आहेत. गर्भवतीला देऊन बाळाचे रक्षण करणारी आरएसव्हीची लस आणि बाळाला थेट टोचायची तयार प्रतिपिंडेही काही देशांत २०२३ पासून वापरात आहेत. आपल्यासाठी काय योग्य, ते आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

त्या आजींना मी शेवटी एवढेच विचारले, "आजी, तुमची गाय व्याली तेव्हा चीक आधी कोणाला दिला?"

"वासराले. त्याचाच मान असते ना तो."

"आणि सुनेचा चीक?"

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पहिले दोन दिवस काढूनच टाकला व्हता, डाक्टरसाहेब."

मी त्यांना दोष दिला नाही. त्यांच्या सासूने त्यांना जे शिकवले, तेच त्यांनी सुनेला शिकवले होते. पहिला चीक गेला तो गेला, पण सून अजून पाजत होती आणि सहा महिने व्हायला दोन महिने बाकी होते. नातवाचा श्वास मी त्यांच्याकडूनच मोजून घेतला. अडतीस भरला. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि आईचे दूध, एवढेच औषध लिहून दिले. जाताना त्या म्हणाल्या, धाकट्या लेकीचे पोट सातव्या महिन्यात आहे, तिला आता हे सांगून ठेवते.

वाचकहो, घरात कोणाला दिवस गेले असतील, तर हे सांगण्याचे काम डॉक्टरांपेक्षा आपल्या तोंडून अधिक ऐकले जाईल.